एमपीएससीनंतर पब्लिक पॉलिसीत मास्टर्स: कॉलेज निवडण्याआधी काय बघावं

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. ॲग्री झालंय, वय २५. तीन वर्षं पुण्यात एमपीएससीची तयारी, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत मजल. आता पब्लिक पॉलिसीत (सरकारी धोरणं कशी ठरतात आणि चालतात, याचा अभ्यास) मास्टर्स करायचं मनात आहे. शाळा मराठी माध्यमाची, गणिताची सवय सुटलेली, घरचे कर्ज काढायला तयार. ‘कोणतं कॉलेज चांगलं आणि नोकरी लागते का? आणि एमपीएससी व मास्टर्स एकदम जमेल का?’

कॉलेजचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, आधी ते बाजूला करायला हवं: स्पर्धा परीक्षेत जे काम हुकलं, तेच या पदवीतून दुसऱ्या दाराने मिळेल. तसं होत नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी किंवा कक्ष अधिकारी या पदांसाठी ही पदवी कुणी विचारत नाही, आणि सरकारात ‘धोरण विश्लेषक’ असा नियमित संवर्गही नाही. ही पदवी घेतलेली माणसं मंत्रालयात दिसतात ती बहुधा कंत्राटावर: सल्लागार कंपन्यांच्या प्रकल्प व्यवस्थापन कक्षांत, फेलो म्हणून, किंवा राज्याने २०२२ मध्ये स्थापन केलेल्या ‘मित्रा’सारख्या संस्थांत. बाकीची संशोधन संस्थांत, स्वयंसेवी संस्थांत, कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या (सीएसआर) विभागात, कंपन्यांच्या सरकारी संपर्क विभागात, आमदार-खासदारांच्या कार्यालयांत. या कामात सहीचा अधिकार नसतो. तुम्ही टिपण लिहिता, निर्णय दुसरा घेतो, आणि पुष्कळदा घेतही नाही. ज्यांना अधिकाराची खुर्चीच हवी असते त्यांना हे काम वर्षभरात नकोसं होतं. तुम्हाला प्रशासनातलं नेमकं काय खुणावत होतं, याचं प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्या. ‘एखादी योजना एका तालुक्यात चालते आणि शेजारच्या तालुक्यात का पडते, हे शोधायला आवडतं’ असं उत्तर असेल तर पुढे वाचा.

दुसरी गोष्ट वयाची, आणि ती तातडीची आहे. तरुणांना ठरावीक मुदतीसाठी राज्य सरकारसोबत काम देणारी मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मधली काही वर्षं बंद होती, २०२३ पासून पुन्हा सुरू आहे. तिच्या जाहिरातींत वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं आणि १ वर्षाचा पूर्णवेळ अनुभव अशा अटी आहेत. अभ्यासिकेतली वर्षं अनुभवात धरत नाहीत, आणि इथेच एमपीएससीवाले अडकतात. खासदारांसोबत काम करण्याची ‘लॅम्प’ फेलोशिप पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था चालवते. तिला वयाची कमाल मर्यादा २५ आहे. म्हणजे आधी दोन वर्षं मास्टर्स आणि मग फेलोशिप हा क्रम तुमच्या वयाला जमत नाही. फेलोशिप हवी असेल तर अर्ज आधी तिथे करा. पदवी वयाच्या तिशीतही करता येते, आणि अनुभव घेऊन आलेल्याला ती जास्त लाभते.

अभ्यासक्रमात असतं काय? नावं संस्थेगणिक बदलतात, पण खांब चारच: सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्त, आणि राजकारण-कायदा-प्रशासन यांचा मिळून एक गठ्ठा. एमपीएससीचा अभ्यास चौथ्या खांबाला थोडाफार उपयोगी पडतो. पण एक सवय मोडावी लागते. परीक्षेत ‘योजनेची वैशिष्ट्ये’ लिहिली की गुण मिळतात. इथे वैशिष्ट्यं कुणी विचारत नाही. योजना नसती तर काय झालं असतं, हे विचारतात.

तुम्ही शेतीचे पदवीधर, म्हणून जलयुक्त शिवार ही गावात पाणी अडवण्या-जिरवण्याची राज्याची योजना घ्या. योजना डिसेंबर २०१४ ची. २०१४ आणि २०१५ ही राज्यातल्या मोठ्या भागात, विशेषतः मराठवाड्यात, दुष्काळाची वर्षं. २०१६ ला पाऊस चांगला झाला. आता ‘योजनेआधी विहिरीला पाणी किती, योजनेनंतर किती’ अशी तुलना केली तर पावसाचं श्रेय योजनेच्या खात्यात जमा होतं. मग शेजारची योजना नसलेली गावं तुलनेला घ्यावीत म्हटलं, तर पुढचा प्रश्न: योजनेसाठी गावं निवडली कशी? जास्त कोरडी म्हणून निवडली असतील तर तुलना एका बाजूला झुकते, पुढाऱ्याच्या वजनाने निवडली असतील तर दुसऱ्या बाजूला. आणि खोल खणलेल्या नाल्यात साठलेलं पाणी वरच्या गावाचं की खालच्या गावाच्या वाट्याचं अडवलेलं, हा तिसरा प्रश्न. संख्याशास्त्राचा सगळा पेपर या तीन प्रश्नांभोवती फिरतो. सूत्रं त्यानंतर येतात.

म्हणून गणिताची भीती अर्धी खरी, अर्धी अनाठायी. लागतं ते दहावी-बारावीचं: टक्केवारी आणि टक्के-बिंदू यांतला फरक, गुणोत्तर, रेषेचा चढ, लॉगॅरिदम, संभाव्यता, आणि अवकलन म्हणजे ‘एक एकक वाढलं तर किती बदल’ एवढी समज. तीन महिने रोज तासभर दिला तर हे होतं. जे सूत्रं पाठ करून येतात ते दुसऱ्या सत्रात रिग्रेशनला (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) अडखळतात, कारण तिथे उत्तर संगणक काढून देतो आणि त्याचा अर्थ तुम्हाला सांगायचा असतो. प्रवेशाआधीच एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गटवार सारांश) यायला हवं. नंतर आर किंवा स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. आर फुकट आहे, त्यापासून सुरुवात करा.

सार्वजनिक वित्त हा विषय मुलं कंटाळवाणा म्हणून टाळतात, आणि नोकरीत सर्वांत जास्त तोच विचारला जातो. राज्याच्या अर्थसंकल्पात एकाच बाबीसमोर तीन तऱ्हेचे आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं मागचा असतो. नवखे विद्यार्थी अर्थसंकल्पीय अंदाज उचलून ‘सरकारने इतके कोटी खर्च केले’ असं लिहितात. जाणकार वाचक तिथेच कागद खाली ठेवतो. लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या बाबीचा सांकेतिक क्रमांक, ओळखायला शिका. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. शासन निर्णय वाचताना शेवटच्या परिच्छेदांवर नजर ठेवा. ‘सदर खर्च अमुक लेखाशीर्षाखाली मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा’ असं लिहिलेलं असेल तर नवीन पैसा आलेला नाही, असलेल्यातूनच भागवायचंय. वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक (त्या विभागाने प्रस्ताव पाहिल्याची खूण) आहे का, तेही बघा. नसेल आणि खर्च मोठा असेल, तर अंमलबजावणी रखडण्याची शक्यता तिथेच लिहिलेली असते. प्रस्तावनेत काहीही म्हटलेलं असो.

इथे तुमच्या मराठी माध्यमाची जमेची बाजू येते. राज्याचे शासन निर्णय, परिपत्रकं, जिल्हा परिषदेची टिपणं, ग्रामसभेचे ठराव सगळे मराठीत. दिल्ली-बंगळूरहून आलेला हुशार विश्लेषक ते भाषांतरावर वाचतो आणि ‘मान्यता’ व ‘तत्त्वतः मान्यता’ यांतला फरक त्याच्या हातून निसटतो. महाराष्ट्रात काम करायचं तर ही तुमची ताकद आहे, अर्जात लाजत लपवू नका. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. दर विषयाला आठवड्याला ६० ते १०० पानं वाचन हे नेहमीचं. सगळं ओळन्ओळ वाचायला गेलात तर पहिल्याच महिन्यात मागे पडाल. शोधनिबंधाचा सारांश, प्रस्तावनेचा शेवट, तक्ते आणि निष्कर्ष या क्रमाने वाचा. पद्धतीचा भाग पटला नाही तरच खोलात शिरा. लिहिण्याचा सराव आजपासून करा: आठवड्याला एक, ८०० शब्दांचं, इंग्रजीत, आणि शिफारस पहिल्याच परिच्छेदात. मराठी निबंधाची सवय शिफारस शेवटी ठेवायची असते. सचिव शेवटपर्यंत वाचत नाहीत.

धोरण टिपण म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून बघू. हाच या पदवीचा गाभा आहे. कमी पटाच्या शाळा घ्या. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा सुमारे १५ हजार. २०२३ मध्ये त्यांच्या जागी ‘समूह शाळा’, म्हणजे अनेक लहान शाळांची मिळून एक मोठी शाळा, करण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळ इथले प्रयोग नमुना म्हणून दाखवले गेले, आणि विरोधही मोठा झाला. वर्गात हे टिपण दिलं की दहांतले सात जण समस्या अशी मांडतात: ‘राज्यात लहान शाळा फार आहेत.’ ही समस्या नव्हे. असं लिहिताच उत्तर ठरून जातं, शाळा बंद करा. ‘दोन शिक्षकांना पाच इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात, त्यामुळे मुलांना इयत्तेनुसार शिकवणं मिळत नाही’ असं लिहिलं की पर्याय मोकळे होतात: विलीनीकरण आणि वाहन, जवळच्या शाळांच्या गटातले (केंद्रातले) विषय शिक्षक आळीपाळीने फिरवणं, बहुवर्ग अध्यापनाचं नेमकं प्रशिक्षण, दुर्गम भागात वसतिगृह, किंवा आहे तसंच ठेवणं. ‘आहे तसंच’ हा पर्याय यादीत हवाच. बाकी सगळे त्याच्याशी तोलायचे असतात.

मग हिशेब. समजा वाडीवरच्या शाळेत ९ मुलं आणि २ शिक्षक आहेत (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतातच). पगार प्रत्येकी ६० हजार धरला तर वर्षाला १४ लाख ४० हजार, म्हणजे मुलामागे १ लाख ६० हजार. आकडा दणदणीत दिसतो. विलीनीकरण केलं तर मुलांना ने-आण करणाऱ्या जीपचं भाडं महिना २५ हजार, १० महिन्यांचे अडीच लाख. विद्यार्थी लगेच लिहितो: ‘बचत ११ लाख ९० हजार.’ चूक. शाळा बंद झाली म्हणून कायम शिक्षक घरी जात नाहीत. समायोजन होऊन दुसरीकडे जातात आणि पगार चालूच राहतो. बचत तेव्हाच होते, जेव्हा त्या दुसऱ्या जागी नवी भरती करावी लागणार होती आणि ती टळली. जिल्ह्यात रिक्त जागा भरपूर असतील तर खरी बचत मोठी, नसतील तर अडीच लाखांचा वाढीव खर्च. एकाच राज्यात दोन जिल्ह्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

पैशांच्या पलीकडचे निकषही तितकेच ठोस लिहायचे असतात. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किमी आणि सहावी ते आठवीसाठी ३ किमी अंतर आहे. नवी शाळा साडेतीन किमीवर असेल तर तुमचा पर्याय कायद्यातच अडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी आलं की जीप येईल का? ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं ऑक्टोबरात आई-बापांसोबत जातात. गावातली शाळा आजीपाशी राहिलेल्या मुलाला धरून ठेवते, साडेतीन किमीवरची धरेल का? आणि जीप एक आठवडा बंद पडली तर आधी कुणाची शाळा सुटते? बहुतेक पाचवीतल्या मुलीची. ‘सामाजिक परिणाम: मध्यम’ असं लिहिणाऱ्याला गुण नाहीत; हे चार प्रश्न लिहिणाऱ्याला आहेत. शेवटी, विरोध कोण करणार आणि त्याचं म्हणणं काय, हे त्याच्या तोंडून लिहायचं, त्याची टिंगल न करता. या सगळ्यात रस वाटला असेल तर विषय तुमचा आहे. कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आता कर्ज. सरकारी विद्यापीठांत शुल्क परवडण्यासारखं असतं. खासगी संस्थांत शुल्क आणि राहणं मिळून १० लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातं. १० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, ७ वर्षांची परतफेड धरली तर हप्ता सुमारे १७,१०० रुपये. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच. या क्षेत्रात नवख्याला ढोबळमानाने महिना ३५ ते ६० हजार मिळतात. स्वयंसेवी संस्था खालच्या टोकाला, सल्लागार कंपन्या वरच्या. मुंबईत ४० हजारांवर १७ हजारांचा हप्ता बसत नाही, आणि मग माणूस शिकलेलं सोडून जास्त पगाराच्या कुठल्याही नोकरीत जातो. माझं मत स्पष्ट आहे: घरची जमीन गहाण ठेवून ही पदवी करू नये. संस्थेला लेखी विचारा की मागच्या तुकडीतल्या किती जणांना काम मिळालं, मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो) किती होता, आणि आकड्यांत आधीच नोकरी असलेले धरले आहेत का. सरासरी सांगून मध्यक टाळणाऱ्या संस्थेपासून सावध राहा. एका मोठ्या पॅकेजने सरासरी फुगते.

संस्थांबद्दल. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा दोन वर्षांचा मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी कायद्याच्या अंगाने मजबूत आहे, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेने. आयआयटी मुंबईच्या धोरण अभ्यास केंद्रात कल तंत्रज्ञान आणि संख्यात्मक पद्धतींकडे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा (‘टिस’) सार्वजनिक धोरणाचा एम.ए. हैदराबादच्या आवारात आहे. तिथे आणि केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. मुंबई विद्यापीठाचं मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी आणि पुण्याची १९३० सालची गोखले संस्था मुळात अर्थशास्त्राच्या. गणित जमवलंत तर गोखल्यातला अर्थशास्त्राचा एम.एस्सी. धोरणाच्या नोकरीला बहुतेक धोरण-पदव्यांहून जास्त उपयोगी पडतो, हे संस्थावाल्यांना आवडणार नाही पण खरं आहे. शेती आणि पाणी सोडायचं नसेल तर आयआयटी मुंबईचंच ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र बघा. विषय मानवतो का एवढंच चाचपायचं असेल तर बंगळूरच्या तक्षशिला संस्थेचा १२ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतो. परदेशाचा विचार दोन वर्षांच्या कामानंतर करा. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात, आणि अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात असाल तर राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे त्या वर्षीचे नियम नीट वाचा. वर्गातले बरेच सोबती काही वर्षं काम करून आलेले असतात, हे परदेशात विशेष जाणवतं.

अर्जाचा हेतुलेख (‘हा अभ्यासक्रम मला का करायचाय’ हे सांगणारा निबंध) बहुतेकांचा एकाच साच्यातला येतो: बालपणीचं गाव, गरिबी बघून आलेली तळमळ, देशसेवा. वाचणारा दुसऱ्या वाक्याला पान उलटतो. तुमच्याकडे विषय आहेत, ते वापरा. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली. शहरी ग्राहक, लासलगावचा व्यापारी, कांदाचाळीत माल साठवून ठेवू शकणारा शेतकरी आणि काढल्या काढल्या विकावा लागणारा शेतकरी, यांतल्या कुणाला काय झालं आणि कुणाचा आवाज दिल्लीत पोचला, हे एका पानात मांडा. शेवटी तुम्हाला उत्तर न सापडलेला एक प्रश्न लिहा आणि तो सोडवायला कोणतं कौशल्य कमी पडतंय ते सांगा. एमपीएससीची तीन वर्षं लपवू नका, मुलाखतीत विचारतातच. ‘प्रयत्न केला, मुख्यपर्यंत गेलो, त्यात अमुक शिकलो’ एवढं पुरे.

प्रबंधाबद्दल एक इशारा आत्ताच देतो, कारण दुसऱ्या वर्षी उशीर होतो. माहिती अधिकारावर अख्खा प्रबंध उभा करू नका. उत्तराची मुदत ३० दिवस. ते अपुरं आलं की पहिलं अपील, त्यात आणखी ३० ते ४५ दिवस. चार महिन्यांचा प्रबंध त्यातच संपतो. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादाही आहे, त्यामुळे ‘सर्व तालुक्यांची सर्व माहिती’ मागणारे अर्ज परत येतात. आधी उपलब्ध आकडेवारी बघा (शाळांची माहिती देणारं यूडायस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, श्रमबल सर्वेक्षण), मग प्रश्न ठरवा.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, एमपीएससी आणि मास्टर्स एकदम जमेल का. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिला रोजचे सहा-सात तास लागतात, आणि मास्टर्सच्या पहिल्या सत्रालाही तेवढेच. दोन्ही धरणारा साधारण दिवाळीपर्यंत एक सोडतो, आणि शुल्क भरलेलं असल्यामुळे चुकीचं सोडतो. अजून एक प्रयत्न द्यायचाच असेल तर तो देऊन टाका आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकला. नसेल द्यायचा, तर आत्ता जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थेत पूर्णवेळ रुजू व्हा, पगार कमी असला तरी. नियुक्तीपत्र आणि अनुभवाचा दाखला तारखेनिशी घ्या; फेलोशिपच्या अर्जाला तोच कागद जोडायचा असतो. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, त्याआधी दोन शिफारसपत्रं हाताशी ठेवा: एक कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचं, एक कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं. क्लासच्या सरांचं चालत नाही.